खोलीचं तापमान

वाईन शॉप नावाच्या दुकानात
वाईन मागितली
तर पोराने दोनदा पाहिलं माझ्याकडे.
मानेवाड्याच्या मार्टाला लागूनच ती जाळीची खिडकी,
माझ्या हातात मार्टाची पिशवी:
बेसन, मोहरी, पावशेर चिंच.
‘लाल? कोणती लाल, काका?’
‘सगळ्यात स्वस्त.’
तो स्टुलावर चढला, बाटलीवरची धूळ
टी-शर्टाच्या पोटाला पुसली.
तीनशे चाळीस. वर पेपरात गुंडाळून दिली,
पूर्वी मेडिकलवाले काही वस्तू गुंडाळायचे तशी.

घरी येऊन बाटली वाचली.
तेहतीस वर्षं लोकांचे मीटर वाचले,
दिसेल ते वाचायची खोड आहे.
सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात:
खोलीच्या तापमानाला प्यावी.

कोणाच्या खोलीच्या?
मेची चोवीस तारीख, गच्चीखालचं घर,
भिंतीला टेकलं तर पाठ शेकून निघते,
रात्री आठलाही नळातून चहाचंच पाणी.
हे लिहिणारा
हुडकेश्वरात एक उन्हाळा राहिला नसावा.
मी बाटली कूलरच्या टाकीत उभी केली,
गळ्यापर्यंत पाण्यात, वाळ्याच्या वासात,
डोहात म्हैस बसते तशी.

कुंदाने गोळाभात केला होता.
लसूण-मोहरीचं तेल वरून, चिंचेचं सार, कांदा फोडलेला.
कुंदा आर्वीची. तिच्या जिल्ह्यात बंदी,
म्हणजे तिकडे दारू दुधाच्या कॅनमधून येते,
हे तीच सांगते.
पुण्याला सुनेच्या माहेरी हिच्यापुढे ग्लास धरला
तेव्हा ‘नको, नको’ म्हणाली,
आणि परतताना बडनेऱ्याला गाडी थांबल्यावर
एकदम,
‘चव तरी पाहायला पाहिजे होती.’

बुचाबिचाची भानगड नव्हती. झाकण फिरवलं, निघालं.
स्टीलच्या दोन फुलपात्रांत ओतली.
मला लागली तुरट,
जांभूळ खाऊन झाल्यावर बी चोखावी तशी.
तिने घोट घेतला. थांबली. भाताचा एक घास खाल्ला.
दुसरा घोट घेतला.

‘मायबाई. हे तर द्राक्षासव होय!’

मग बोलतच राहिली.
प्रज्योत झाला तेव्हा सव्वा महिना
आई हिला मोजून दोन चमचे द्यायची,
तेवढंच पाणी घालून.
बाटली कपाटात, किल्ली कमरेला.
‘पण आंघोळीला जाताना
किल्ली पाळण्याला अडकवायच्या त्या.
मंग मी तिसरा चमचा घ्यायची.’
‘चोरून?’
‘नाही तं का विचारून?’
‘रोज?’
‘रोज. डोकं जरासं हलकं व्हायचं.
मंग धुणं घेऊन बसायची.’

मी तेव्हा महालात, इतवारीत, दाराच्या मागे, जिन्याच्या खाली,
बॅटरी मारून
दुसऱ्यांचे आकडे उतरवत होतो.
माझ्या घरात रोज एक चमचा खपत होता
आणि माझ्या वहीत नोंद नाही.
उलट आईने एकदा विचारलं होतं मला,
हे द्राक्षासव एवढ्यात कसं काय संपून राहिलं रे.
मी म्हटलं होतं, उन्हाळा आहे,
उडत असेल.

हे सांगितल्यावर कुंदा इतकी हसली
की गोळा तिच्या हातातून सुटून ताटात पडला,
सार माझ्या बनियनवर.
तेवढ्यात लाईट गेली. कूलर हळूहळू मंदावला,
शेवटचं पाणी ताट्यांवरून टपटपलं.
कोणीच मेणबत्ती शोधायला उठलं नाही.
‘वाढू का अजून?’ ती अंधारात म्हणाली,
आणि भात की काय
ते मी विचारलं नाही.

सकाळी बाटली फ्रिजच्या दारात होती,
माझ्या इन्सुलिनच्या शेजारी, अर्ध्याच्या थोडी खाली.

दुपारी पडलो होतो.
स्वयंपाकघरात झाकण फिरल्याचा आवाज आला,
मग चमचा भांड्याला लागल्याचा.
मी कूस बदलली.